"बायोस रिचार्ज"च्या नावाखाली झालेली फसवणूक

संगणक सुरू होत नसेल आणि दुरुस्ती करणारा "हार्ड डिस्क गेली" असे सांगत असेल, तर त्याच्याकडे पुरावा मागावा, एवढ्याचसाठी हा अनुभव लिहीत आहे. बरेच दिवस बंद असलेला माझा डेस्कटॉप सुरू केला, तेव्हा तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली होती आणि बूट करण्याजोगी (जिच्यावरून संगणक सुरू होईल अशी) डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची ओळ काळ्या पडद्यावर येऊन सारे थांबले. दुरुस्तीवाल्याने बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम, उडाला, डिस्कही संपली, असा निकाल उभ्या उभ्या देऊन टाकला. त्याच्या बिलावर "बायोस रिचार्ज" आणि "नवीन मेमरी 1 टीबी" अशा दोन नोंदी होत्या, आणि दोन्ही खोट्या निघाल्या.

बायोस मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमध्ये असतो, वीज गेल्याने तो पुसला जात नाही, आणि त्याचे रिचार्ज हा प्रकारच अस्तित्वात नाही. बोर्डवर नाण्यासारखा चपटा, 3 व्होल्टचा एक सेल असतो. बहुतेक वेळा त्यावर सीआर2032 असे कोरलेले दिसते, म्हणजे व्यास 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2 मिलिमीटर. संगणक बंद असताना घड्याळ या सेलवर चालते आणि अनेक बोर्डांवर बूटचा क्रम, डिस्क हाताळण्याची पद्धत यांसारखी सीमॉसमधील (ही सेटिंग साठवणाऱ्या छोट्या मेमरीतील) सेटिंगही त्यावरच टिकून राहतात. सेल उतरला की ती सेटिंग मूळ स्थितीवर जातात आणि डिस्क ठणठणीत असूनही कधी कधी विंडोज सुरू होत नाही. मागे गेलेली तारीख त्याच्याही डोळ्यांसमोर होती. त्याला ती कळली नसेल, यावर माझा विश्वास नाही.

लबाडी उघडी पडली ती घरी आणलेल्या संगणकाची विजेची वायर काढून ठेवल्यावर, कारण तारीख पुन्हा मागे गेली. म्हणजे सेलसुद्धा बदललेला नव्हता! जुनी डिस्क मी आग्रहाने परत आणली होती. यूएसबी अडॅप्टरने ती दुसऱ्या संगणकाला जोडली, तर सगळ्या फाइल उघडल्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये "नवी" डिस्क पाहिली, तेव्हा ती हजारो तास चाललेली असल्याची नोंद तिच्यातच सापडली. नव्या कोऱ्या डिस्कवर हा आकडा शून्याच्या आसपास असतो.

बिलावरील "मेमरी" हा शब्दही त्याच्या सोयीचा होता. वीज जाताच रिकामी होते ती रॅम, आणि फाइल टिकून राहतात ते स्टोरेज, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. पण मेमरी असे मोघम लिहिले की काय विकले, नवे की वापरलेले, काहीच सिद्ध होत नाही. मी जाब विचारला, तेव्हा ही डिस्क आमची नव्हेच, असे त्याने शांतपणे सांगितले, आणि बिलावर मॉडेल किंवा सीरियल नंबर नसल्याने माझी तक्रार तिथेच अडली. ते दोन्ही लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि जुनी डिस्क निकामी आहे असे सांगितले तरी ती दुकानात सोडू नये, कारण झटपट फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवरूनही आपल्या फाइल बऱ्याचदा दुसऱ्या कुणालाही परत काढता येतात.