जुनी कॅसेट की एमुलेटर? बेळगावकडच्या घरात काय ठेवावं, काय सोडावं

शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत माळा असतो, टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये पलंगाखालचा खण. नव्वदच्या दशकात बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाढलेल्या पुष्कळांचे व्हिडिओ गेम अजून तिथेच आहेत: कॅसेटींचा डबा, वायरी गुंडाळलेले रिमोट, एखादी प्लास्टिकची गन. पुढे नोकरी लागल्यावर हौसेनं घेतलेल्या गेमबॉयची, पीएस-टूची (प्लेस्टेशन-२) त्यात भर पडते. मग घर रंगवायला काढलं की आई विचारते, "कशाला ठेवूलास रे हे सगळं?" तिचा प्रश्न रास्त आहे. हेच खेळ एमुलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालत असतील तर मूळ यंत्रं ठेवायची का, आणि ठेवायची तर कुठली?

माझं मत आधीच सांगतो. ज्या यंत्रावर खेळताना हाताला आणि डोळ्याला काही वेगळं मिळतं, तेवढंच मूळ रूपात ठेवावं आणि नियमित खेळावं. बाकीचं एमुलेटरवर न्यावं, किंवा जो खेळेल त्याला द्यावं. नुसता मांडून ठेवलेला संग्रह आपल्या हवेत टिकत नाही.

खेळताना जाणवणारा फरक

लिटल मास्टर, मीडिया, समुराई या नावांनी आपल्याकडे जे 'टीव्ही गेम' आले ते निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या यंत्राच्या घराण्यातले. त्यातले बरेचसे परवान्याशिवाय केलेले. ही यंत्रं डब्बा टीव्हीसाठी बनली होती आणि सगळा फरक तिथून सुरू होतो.

गनचंच बघा. 'डक हंट'मध्ये (१९८४) चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. गनच्या नळीतला सेन्सर त्या क्षणी उजेड दिसला की नाही, एवढंच तपासतो. डब्बा टीव्ही सिग्नल येईल तशी रेघ रेघ काढत जातो, म्हणून ही वेळ जुळते. एलसीडी टीव्ही आधी पूर्ण चित्र साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. तेवढ्यात गनची वेळ टळून जाते. गन घरात असेल आणि ती चालावी अशी इच्छा असेल, तर डब्बा टीव्हीला पर्याय नाही.

'काँट्रा'सारख्या खेळातही हाच उशीर उडी चुकवतो. इथे मात्र एमुलेटरची बाजू पडती नाही. टीव्हीचं 'गेम मोड' लावा आणि रेट्रोआर्च या एमुलेटरच्या अ‍ॅपमध्ये 'रन-अहेड' ही उशीर कमी करणारी सोय चालू करा. फरक इतका कमी होतो की बहुतेकांच्या बोटांना कळणार नाही. शिवाय एमुलेटरचा एक फायदा मूळ यंत्राकडे नाही. जपान-अमेरिकेसाठीचे खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबानं केलेले होते. ते काही बदल न करता युरोपच्या ५० हर्ट्झच्या यंत्रावर लावले की सुमारे सहाव्या हिश्शानं मंद चालतात, संगीताचा ठेकासुद्धा उतरतो. एमुलेटरवर दोन्ही वेग लावून बघता येतात. लहानपणी ऐकलेला ठेका नेमका कुठला, ते लगेच ओळखू येतं.

पाऊस, धूळ आणि कपाट

परदेशातल्या संग्राहकांचे सल्ले आपल्याला लागू पडत नाहीत, ते या बाबतीत. बेळगाव सह्याद्रीच्या कडेला आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती ओल धरतात. खानापूर-जांबोटीकडे तर कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो. अशा हवेत कॅसेटच्या तळाचे तांब्याचे संपर्क काळवंडतात, लेबलं सुटतात, सीडीच्या कव्हरमधल्या कागदाला बुरशी धरते. कॅसेटमधला खेळ सहसा शाबूत असतो, कारण तो चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. बिघडतो तो यंत्राशी होणारा संपर्क.

म्हणून कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकरीनं चालते असं वाटतं, पण ती चालते काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा आत राहतो आणि संपर्क आणखी खराब करतो. निन्टेन्डोनंही फुंकू नका असंच सांगितलं होतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, काळं निघेपर्यंत पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. इलेक्ट्रॉनिक्सचं सामान विकणाऱ्या दुकानात ते मिळतं.

ठेवायची जागा म्हणाल तर माळा सर्वांत वाईट. कौलाखाली उन्हाळ्यात भाजतं आणि पावसाळ्यात ठिबकतं. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि तो डबा भिंतीला न टेकवता कपाटाच्या मधल्या खणात, एवढं पुरे. पुड्यांमधले दाणे रंग बदलणारे घ्या, म्हणजे ते कधी वाळवायचे ते कळतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक यंत्र अर्धा तास चालू ठेवा. चालत्या यंत्राची ऊब आतली ओल घालवते, आणि काय बिघडलंय ते दुरुस्तीजोगं असतानाच समजतं.

अथणी, रायबाग, चिकोडीच्या बाजूला चित्र उलटं. तिथे ओल कमी आणि धूळ फार. कॅसेटला धुळीचं फारसं काही नाही, पण पीएस-टूसारख्या डिस्कच्या यंत्रात ती लेन्सवर बसते आणि डिस्क वाचली जात नाही. तिकडे सिलिका जेलपेक्षा यंत्रावर घालायचं कापडी आवरण जास्त कामाचं.

हा सगळा व्याप एमुलेटरच्या छोट्या डब्याला लागत नाही. त्याला धोका विजेचा. रास्पबेरी पाय (एमुलेटरसाठी वापरतात तो छोटा संगणक) चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरची माहिती खराब होऊ शकते, आणि पावसाळ्यात वीज जाणं आपल्याकडे नवं नाही. कार्डाची पूर्ण नक्कल वेगळ्या कार्डावर करून ठेवा. राऊटरसाठी छोटा यूपीएस घेतला असेल तर त्याच्यावर रास्पबेरी पायला पुरेल इतका करंट मिळतो का ते बघून घ्या.

अ‍ॅडॅप्टरची भीती खरी आहे

बाहेरून यंत्र मागवणाऱ्यांनी हे वाचल्याशिवाय प्लग लावू नये. जपानी यंत्राचा अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टचा असतो आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आहेत. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो, आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकन रूपाचा, अ‍ॅडॅप्टर मात्र ९ व्होल्ट एसी देतो. तो फॅमिकॉमला लावला तर यंत्र जळू शकतं. शिवाय मूळ फॅमिकॉम अँटेनाच्या वायरीतून जपानी चॅनेलवरच चित्र पाठवतो, ते आपल्या टीव्हीवर सहजी लागत नाही. घ्यायचाच असेल तर १९९३ चा एव्ही फॅमिकॉम घ्या. त्याला लाल-पांढरी-पिवळी वायर लागते.

सेव्ह कुठे असतो ते आधी बघा

कॅसेट विकायला काढण्याआधी हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथे गेलेलं परत येत नाही. जुन्या कॅसेटींत तुमचा अर्धवट खेळ एका छोट्या बॅटरीच्या आधारानं जिवंत असतो. एनईएसच्या 'झेल्डा'त सीआर२०३२ आहे, पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये सीआर२०२५. गोल्ड-सिल्व्हरची बॅटरी घड्याळही चालवते, म्हणून लवकर संपते, आणि संपली की सेव्ह पुसला जातो. पोकेमॉन रुबी-सफायरचं वेगळं आहे. तिथे बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे. ती संपल्याची सूचना पडद्यावर आली तरी सेव्ह सुखरूप असतो. ही सूचना पाहून घाबरून कॅसेट स्वस्तात काढू नका.

बॅटरी बदलताना डाग द्यावा लागतो, आणि पाती जोडलेलीच बॅटरी घ्यावी. बदलण्याआधी कॅसेट रीडरनं सेव्ह संगणकावर उतरवून घ्या. हे काम खडेबाजार-गणपत गल्लीकडच्या मोबाईल दुरुस्तीवाल्यांपैकी हात चांगला असलेला कुणीही करून देईल. फक्त काय करायचं ते लिहून द्या.

कायदा कुठे बसतो

भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा कायदेशीर ताबा असलेल्याला संगणक प्रोग्रामची राखीव प्रत करू देतो, हरवण्या-बिघडण्यापासूनच्या संरक्षणापुरती. म्हणजे आपल्या कॅसेटीतून उतरवलेली प्रत एमुलेटरवर चालवायला आधार आहे; इंटरनेटवरून हजारो खेळांचा गठ्ठा उतरवायला नाही. आणि कॅसेट विकली की त्या प्रतीचाही आधार गेला. "फाईल ठेवतो, कॅसेट विकतो" हा हिशेब म्हणूनच बरोबर नाही.

त्याआधी खेळ विकत मिळतो का ते बघा. 'काँट्रा' कोनामीनं २०१९ च्या वर्धापन संग्रहात पुन्हा काढला आहे, तो संगणकावरही चालतो. पण हे भाग्य थोड्या खेळांच्या वाट्याला येतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नव्हते. ऑनलाइन दुकानावरही फार विसंबू नये: निन्टेन्डोनं थ्री-डीएस आणि वी-यू या आपल्या यंत्रांचं दुकान मार्च २०२३ मध्ये खरेदीसाठी बंद केलं.

एव्हरड्राइव्हसारखी मेमरी कार्डाची कॅसेट, किंवा जुन्या चिपचं वागणं एफपीजीएमध्ये (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपमध्ये) उभं करणारी मिस्टरसारखी यंत्रणा, हा मधला रस्ता आहे. दोन्ही चांगल्या आहेत, दोन्ही महाग आहेत, वर कस्टम ड्युटी. रोज खेळणाऱ्यानंच त्या वाटेला जावं.

आता निवड

संग्रह कमी करताना मी एक कसोटी लावतो: कुठलं यंत्र आपल्याआधीच्या यंत्राचे खेळही चालवतं? गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी (२००३) जुन्या गेमबॉयच्या, गेमबॉय कलरच्या आणि स्वतःच्या अशा तिन्ही कॅसेटी घेतो, पडद्याला उजेड आहे, बॅटरी चार्ज होते. तो ठेवा आणि बाकीचे गेमबॉय जाऊ द्या. फक्त त्याची बॅटरी फुगलेली नाही ना, ते अधूनमधून पाहा. तसाच पीएस-टू: त्यावर पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कही चालतात, आणि पीएस-टूचं एमुलेशन स्वस्त डब्यावर नीट होत नाही, त्याला दमदार संगणक लागतो. एक चालता पीएस-टू आणि दोन मेमरी कार्डं ठेवणं शहाणपणाचं.

पीएस-टूच्या डिस्कांपैकी रस्त्यावर विकल्या गेलेल्या कॉपी बिनदिक्कत टाका; त्यांचा रंगाचा थर असाही उतरत जातो. पण २००९ चे 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि 'देसी अड्डा' हाताशी असतील तर देऊ नका. दोन्ही हैदराबादचे खेळ आहेत, आणि कबड्डी, विटीदांडू प्लेस्टेशनवर आणले ते 'देसी अड्डा'नं. ते पुन्हा निघण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनीच जपले तर राहतील. संग्रहाचा शब्दशः अर्थ मला इथे पटतो.

सेगाचा मेगा ड्राइव्ह असेल तर मी सोडेन. त्याचे गाजलेले खेळ एमुलेटरवर अचूक चालतात. लिटल मास्टरच्या घराण्यातलं एक यंत्र, एक गन आणि घरात जिच्यासाठी भांडणं झाली त्या दोन-चार कॅसेटी ठेवा. '९९९९ इन १' कॅसेट उघडून पाहिलीत तर मोजकेच खेळ नावं बदलून फिरत असतात, आणि चिपच्या जागी काळा थेंब ओतलेला असतो. तो बिघडला की दुरुस्ती नाही. एक पुरे.

गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटी विकताना किंवा घेताना नकली ओळखा. खऱ्या कॅसेटच्या लेबलवर दोन अंक दाबून उमटवलेले असतात, आणि संपर्कांच्या वर पट्टीवर निन्टेन्डोचं नाव दिसतं. लिलावातल्या आकड्यांकडे बघून किंमत ठरवू नका. २०२१ मध्ये न उघडलेला 'सुपर मारिओ ६४' १५ लाख डॉलरच्या वर गेला, पण तुमच्या-आमच्या खेळलेल्या कॅसेटींचा त्या बाजाराशी संबंध नाही.

गिऱ्हाईक कोल्हापूर, पुणे, हुबळीकडचं मिळतं. समोर चालवून दाखवा, आतल्या बोर्डाचा फोटो द्या, बदललेली बॅटरी सांगा. डब्बा टीव्ही नको असेल तर भंगारात फोडायला देऊ नका. काचेत शिसं असतं आणि बंद टीव्हीच्या आतही धक्का बसण्याइतका करंट साठलेला असतो, म्हणून स्वतः मागचं झाकणही काढू नका. गन ठेवणारा कुणी ना कुणी तो शोधत असतो, त्याला द्या. आणि यंत्र देताना त्याच्या अ‍ॅडॅप्टरवर यंत्राचं नाव आणि व्होल्ट लिहून चिकटवा, नाहीतर पुढच्या घरी पहिल्याच संध्याकाळी ते जळेल.