थॉम्पसन ते चर्चिल व्हॅन नसते! आमचे ५,४०० डॉलर गेले

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या चर्चिल गावची ध्रुवीय अस्वलं दाखवतो म्हणून एका एजंटानं आमचे ५,४०० कॅनेडियन डॉलर लुबाडले. चौघांचे, माणशी १,३५०. आधी २,४०० ॲडव्हान्स, मग ३,०००, दोन्ही ई-ट्रान्स्फरनं.

सासू-सासरे साताऱ्याहून आले होते, ते परतायच्या आत जायचं होतं. हडसन उपसागर गोठायची वाट बघत अस्वलं किनाऱ्यावर जमतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि त्या दिवसांच्या जागा कित्येक महिने आधी भरतात. 'चार जागा रद्द झाल्यात, आजच पैसे टाका' म्हटल्यावर कोण थांबेल? नंबरही ओळखीच्याच कुटुंबानं दिलेला.

अंगाची आग होते ती व्हाउचरवरच्या एका ओळीनं. 'थॉम्पसन ते चर्चिल: खासगी व्हॅन.' अहो, चर्चिलला रस्ताच जात नाही! विमान, नाहीतर रेल्वे. ती ओळ मी वाचली, नवऱ्यानं वाचली, सासऱ्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. एकानंही नकाशा उघडला नाही. पण टोरांटोकडे राहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? कॅनडात एखाद्या गावाला रस्ता नसेल हे डोक्यात येतच नाही. विनिपेगहून साडेसातशे किलोमीटर भाड्याच्या गाडीनं थॉम्पसन गाठलं, तेव्हा हॉटेलातल्या बाईनं सांगितलं. तोवर एजंटाचा फोन बंद. सासूबाईंसमोर मान वर करवेना.

टुंड्रात अस्वलांजवळ गाड्या नेण्याचे परवाने मोजकेच असतात. परवाना असलेल्या कंपनीला स्वतः फोन करून आपलं नाव यादीत आहे का ते विचारा.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, आता परत येणार नाहीत. अहो, ज्या खात्यात गेले ते कोणाचं, हे बँकांना कळू शकतं ना? ते आम्हाला सांगणार नाहीत, पोलिसांनी मागितलं तरच. आणि पोलीस मागत नाहीत! इथले म्हणतात मॅनिटोबात तक्रार करा, तिथले म्हणतात पैसे पाठवले तिथे करा. व्हाउचर, मेसेज, त्याचा ईमेल, सगळं दिलं. हाती आला एक फाइल नंबर. पुन्हा फोन केला की नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सांगा. आमचे कष्टाचे पैसे आहेत हो!

क्रेडिट कार्डानंच भरा, निदान बँकेकडे वाद तरी घालता येतो. एजंट ऑंटारिओतला असेल तर टिकोचा, म्हणजे तिथल्या ट्रॅव्हल एजंटांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक मागा आणि त्यांच्या यादीत स्वतः तपासा.

आम्हाला दाखवलेलेच फोटो लावून आता दुसऱ्या नावानं जुलै-ऑगस्टच्या बेलुगा (पांढरे देवमासे) सहली विकल्या जाताहेत. व्हाउचरचा मजकूरही तोच आहे. ॲडव्हान्स मागितला तर देऊ नका.