टाटा नेक्सॉनचं टच पॅनल : गगनबावड्याच्या पावसात किती कामाचं?

सप्टेंबर 2023 मध्ये नव्या रूपात आलेल्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे आहेत आणि ते तिने कमावलेले आहेत. पण धडक बसायच्या आधी चालकाची नजर कुठं होती, हे त्या ताऱ्यांत धरलेलं नसतं. म्हणून इथं फक्त एसी पॅनलबद्दल.

तापमान आणि पंख्याचा वेग यांना टाटाने दाबायचे टॉगल ठेवलेत. हा निर्णय उत्तम. बोटाला कड लागते, खटका जाणवतो, मान खाली घालावी लागत नाही. बाकीची बहुतेक बटणं, त्यात समोरच्या काचेचं डिमिस्टही (काचेवरचं धुकं घालवणारं बटण) आलं, चकचकीत काळ्या सपाट पट्टीवर टचची आहेत. आणि चूक नेमकी तिथंच आहे. कोल्हापुरातून गगनबावड्याकडे जाताना जुलैत सर्वांत तातडीनं लागतं ते डिमिस्टच. चौघांच्या श्वासाची वाफ, ओले कपडे, बाहेर गार वारा. काच बघता बघता पांढरी होते.

सपाट पट्टीवर बोट टेकवायचं तर आधी बघावंच लागतं. ताशी 80 किमी वेगात दोन सेकंद नजर हटली की गाडी जवळपास 44 मीटर पुढं गेलेली असते. उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेली ट्रॉली तेवढ्या अंतरात समोर येते. शिवाय आपलं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणजे पॅनल चालवायचा डाव्या हातानं, आणि तो बहुतेकांचा कमी सवयीचा. खड्ड्यात हात उडाला की बोट शेजारच्या चिन्हावर पडतं. त्यात बोट ओलं असेल तर टच कधी लागतो, कधी लागत नाही. दुपारचं ऊन पडलं की काळ्या पट्टीवरची चिन्हं बोटांच्या डागांखाली पुसट दिसतात.

स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ मासिकानं 2022 मध्ये ताशी 110 किमी वेगात हाच प्रश्न मोजला होता. एसी, रेडिओ अशी चार ठरावीक कामं करायला बटणांच्या 2005 सालच्या व्होल्वो व्ही70 ला 10 सेकंद लागले, तोवर गाडी 306 मीटर गेली. स्क्रीनवाल्या एमजी मार्व्हल आर ला 44.9 सेकंद लागले, म्हणजे 1372 मीटर. युरो एनकॅपनं, म्हणजे युरोपातल्या तशाच चाचणी संस्थेनं, 2026 पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड (धोक्याचे दिवे), हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं असण्याला गुण दिलेत. डिमिस्ट त्या यादीत नाही. आपल्या पावसाकडं बघता ते पहिल्या पाचांत हवं.

नेक्सॉन घरी असेल तर घाट लागायच्या आधीच, गाडी थांबवून, एसी चालू करा, हवा बाहेरून घ्यायची ठेवा, वाऱ्याचा झोत काचेवर वळवा आणि तापमान 24-25 च्या आसपास आणा. पुढं फक्त पंखा वाढवायचा-कमी करायचा, आणि त्याला टॉगल आहे. हवा आतल्या आत फिरत ठेवली तर ओल आतच राहते, धुकं परत बसतं. वायपर फिरवल्यावर काच स्वच्छ झाली तर धुकं बाहेरच्या बाजूनं आहे. एसीनं काच फार गार केलीय, तापमान आणखी वाढवा.

घ्यायची असेल तर शोरूममध्ये उभ्या गाडीत बसून नजर समोरच्या भिंतीवर ठेवा आणि डिमिस्ट, हॅझर्ड, आवाज, पंखा एकेक करून लावा. मग बोट ओलं करून पुन्हा. जे बघितल्याशिवाय दोन सेकंदांत लागत नाही ते रस्त्यावरही लागणार नाही. गाडी सुरू करून लगेच रिव्हर्स टाका, कॅमेऱ्याचं चित्र यायला किती वेळ लागतो तेही बघा.

गाडी म्हणून नेक्सॉन घेण्यासारखी आहे. टाटानं डिमिस्टला तिसरा टॉगल दिला, तर पॅनलबद्दलची आमची मुख्य तक्रार संपते.