पुढे शिकायचं की मिळेल ते काम धरायचं? बेकारीच्या काळाचा हिशेब

नोकरी गेली की हा प्रश्न दारात उभाच असतो. सल्ला देणारे 'जास्त शिकलास तर लवकर नोकरी लागेल' एवढं सांगून मोकळे होतात. हे अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्यावर विसंबून माणसं आयुष्याची दोन-तीन वर्षं पणाला लावतात.

नोकरी जाण्याची शक्यता वेगळी आणि गेल्यावर दुसरी मिळेपर्यंतचा काळ वेगळा. अमेरिकेत २०१० मध्ये पंचवीस वर्षांवरच्या लोकांपैकी शालेय शिक्षण अपुरं राहिलेल्यांत बेकारीचा दर १४.९ टक्के होता, पदवीधर व त्यापुढे शिकलेल्यांत ४.७. फरक तिपटीचा. पण अशा फरकाची फोड अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांनी १९९१ मध्येच केली होती. शिकलेल्यांची नोकरी मुळात कमी वेळा जाते, फरकाचा मोठा वाटा तिथला. एकदा गेली की वाट पाहण्याच्या काळात त्या मानाने थोडाच फरक उरतो.

फक्त शाळा झालेल्याला काम कुणाच्या तरी शब्दावर मिळतं, 'उद्यापासून ये' म्हणतात. तितक्याच पटकन ते सुटतंही. त्याला थांबणं परवडत नाही. आणि कंटाळून शोधणंच सोडलं, तर बेकारांच्या मोजणीतूनही तो गळतो, कारण तिथे काम शोधणाराच धरला जातो.

हातात कसब असलेल्याचं मला सगळ्यात जास्त पटतं. वेल्डरला दोन तुकडे देऊन 'जोड' म्हटलं की अर्ध्या तासात मालकाचा निर्णय होतो. जोड बोलतो, कागद लागत नाही. धोका एकच, पण मोठा: त्या धंद्यातच मंदी आली की सगळे कसबी एकदम घरी बसतात.

पदवीधराची वाट लांबते त्याला दोन कारणं. अर्ज, परीक्षा, मुलाखतींच्या फेऱ्या यांत महिने जातात. शिवाय 'याच्या खाली घेणार नाही' अशी पगाराची रेषा त्याने मनात आखलेली असते. घरचा आधार असेल तर ती रेषा धरून ठेवणं चुकीचं नाही, चांगली जागा तशीच मिळते. मात्र त्याला मुदत हवी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात संशोधकांनी हजारो काल्पनिक अर्ज पाठवले आणि त्यांत बेकारीचा काळ कमीजास्त ठेवला. खंड वाढला तशी बोलावणी घटली, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती.

पदव्युत्तर शिक्षणाने जागा नेमक्या होतात, पण मोजक्या. गाव सोडायची तयारी नसेल तर वाट आणखी लांबते.

म्हणून वय कमी असेल आणि तीन-चार वर्षांचा खर्च निघत असेल, तर पदवी घ्याच. तिचं संरक्षण पुढची कित्येक वर्षं पुरतं. शिल्लक दोन-तीन महिन्यांचीच असेल तर मिळेल ते काम धरा आणि संध्याकाळी एखादं कसब शिका. पदवी असूनही घरी बसला असाल, तर केवळ खंड झाकायला दुसरी पदवी घेऊ नका. आधी तुमच्या क्षेत्रातल्या ताज्या वीस जाहिराती समोर ठेवा आणि ती पदवी किती ठिकाणी अट म्हणून मागितली आहे ते मोजा.