सामारिया घळईची एकदिवसीय सहल: मार्गाला पैकीच्या पैकी, आयोजकांना निम्मे गुण

ग्रीसच्या क्रीट बेटाच्या पश्चिम भागातील सामारिया घळईची सहल हानिया शहरातल्या अनेक प्रवासी कंपन्या विकतात आणि तिचा साचा ठरलेला असतो: पहाटे हॉटेलवरून बस, ओमालोस पठारावरून पायी उतरण, खाली आयिया रुमेली या समुद्रकाठच्या गावाहून बोट आणि स्फाकिया बंदराहून परतीची बस. हा साचा भूगोलानेच पाडून दिला आहे. 2,400 मीटरहून उंच असलेली लेफ्का ओरी डोंगररांग दक्षिणेला लिबियन समुद्रात अशी थेट उतरते की आयिया रुमेलीपर्यंत गाडीरस्ता पोहोचलेलाच नाही. एकदा उतरायला लागले की सुमारे 16 किलोमीटर चालून बोट गाठणे एवढेच हाती उरते. त्यामुळे अशा सहलीत वेळेचे नियोजन हीच खरी सेवा, आणि आमची कंपनी नेमकी तिथेच कमी पडली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांमधून एकेक प्रवासी गोळा करण्यात सकाळ निघून गेली आणि नदीच्या उघड्या पात्रातला, गोट्यांनी भरलेला टप्पा भर दुपारच्या उन्हात आला.

मार्गाबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. क्सिलोस्कालो हे प्रवेशद्वार सुमारे 1,230 मीटर उंचीवर आहे. तिथून पाइन आणि सायप्रस वृक्षांच्या सावलीत वळणावळणाची खडी उतरण सुरू होते, समोर गिंगिलोस शिखराचा उघडाबोडका कडा असतो. वाटेत पिण्याच्या पाण्याचे झरे आहेत, आणि दरड कोसळण्याच्या जागी ‘थांबू नका, भरभर चाला’ अशा अर्थाच्या पाट्याही आहेत. 1962 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर रिकामे झालेले सामारिया गाव मध्यावर लागते. तिथे क्रीक्री ही रानशेळी दिसण्याची शक्यता असते. पुढे भिंती जवळ येत जातात आणि ‘लोखंडी दरवाजे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी सुमारे 300 मीटर उंचीच्या कड्यांमध्ये जेमतेम चार मीटरची फट उरते. आपल्या सांदण दरीत उतरलेल्यांना ही अरुंदी ओळखीची वाटेल, पण तिथला खडक बेसॉल्ट आणि इथला चुनखडक. त्याचे बोटभर जाडीचे थर कड्यांमध्ये अक्षरशः घडी घातल्यासारखे दुमडलेले दिसतात.

या घड्या पडल्या कशा, हे सांगायला सोबत दिलेला मार्गदर्शक होता. तो सर्वांत मागे राहून माणसे मोजण्यापलीकडे काही बोलला नाही. आफ्रिकेचे भूपट्ट क्रीटच्या खाली सरकत असल्यामुळे हे बेट उचलले जात आहे, आणि इसवी सन 365 च्या भूकंपात तर पश्चिम किनारा काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत वर आला, एवढे दोन शब्द बोटीत सांगितले असते तरी किनाऱ्याकडे पाहण्याची नजर बदलली असती.

ज्यांना स्वतःच्या वेळेने चालायचे आहे, त्यांनी कंपनीऐवजी हानियाहून सुटणारी पहाटेची सार्वजनिक बस आणि बोटीचे वेगळे तिकीट घ्यावे. घळई साधारण मे ते ऑक्टोबर या काळातच खुली असते आणि पावसाची किंवा तीव्र उन्हाची शक्यता असल्यास बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. गुडघे दुखत असतील तर बोटीने थेट आयिया रुमेलीला जाऊन खालूनच ‘लोखंडी दरवाज्यां’पर्यंत चढून परतता येते. आमच्या बसमधल्या वयस्कर जोडप्याला हा पर्याय कोणी सुचवलाही नव्हता.