जेवढे बांधले तेवढेच बिलात: डिस्पॅच सॉफ्टवेअरचा आठ महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या शॉपमध्ये ओतीव ब्रॅकेटचे मशिनिंग होते आणि बहुतेक माल पुण्याजवळच्या चाकणला जातो. पॅकिंग स्लिपवरूनच, म्हणजे खोक्यांत प्रत्यक्ष भरलेल्या मालाच्या यादीवरूनच, इनव्हॉइस तयार करणारे एक सॉफ्टवेअर आम्ही गेले आठ महिने वापरत आहोत.

पूर्वी आमचे इनव्हॉइस ऑर्डरवरून निघत असे. एकदा ४८० नगांची ऑर्डर होती. चाळीस-चाळीसच्या बारा खोक्यांपैकी शेवटच्या खोक्यात २८ नगच भरले गेले. पॅकिंग करणाऱ्याने स्लिपवर पेनाने ४६८ असा आकडा लिहिला होता, पण ऑफिसमधून ४८० चे इनव्हॉइस निघून गाडीही गेटबाहेर पडली होती. ग्राहकाच्या जीआरएनमध्ये (माल मिळाल्याच्या नोंदीत) ४६८ नग लागले, बारा नगांची डेबिट नोट (तेवढी रक्कम कापल्याची सूचना) आली आणि तिचा निकाल लागेपर्यंत संपूर्ण बिलाचे पैसे दीड महिना अडकून राहिले.

अशी चूक आता पूर्वीपेक्षा जड जाते. पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापारी ग्राहकांसाठी ई-इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल, बंधनकारक आहे. एकदा आयआरएन (त्या नोंदणीचा क्रमांक) मिळाला की पोर्टलवर त्या इनव्हॉइसमध्ये दुरुस्ती करता येत नाही. ते २४ तासांच्या आत संपूर्ण रद्द करावे लागते, तेही आधी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) रद्द करून, आणि तोच इनव्हॉइस क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. मुदत टळली तर सहसा क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढावी लागते.

या सॉफ्टवेअरने नेमकी हीच जागा पकडली आहे, म्हणून मला ते मनापासून आवडले. प्रत्येक खोक्याचे लेबल स्कॅन केल्यावर नग, हीट नंबर (ओतकामाच्या घाणीचा क्रमांक) आणि वजन स्लिपवर चढते. स्लिप ‘बंद’ केल्यावरच इनव्हॉइसचे बटण उघडते आणि तेथे नगसंख्या कोणालाही, अगदी मालकालाही, बदलता येत नाही. कमी भरलेले खोके पडद्यावर पिवळे दिसते. पडद्यावरच्या सूचना मराठीत असल्याने पॅकिंगची मुले दोन दिवसांत सरावली. ई-वे बिलाचा पहिला भाग इनव्हॉइससोबत भरला जातो, तर गाडीचा क्रमांक लोडिंग झाल्यावरच मागितला जातो. ई-वे बिलाची वैधता गाडीचा क्रमांक भरल्यापासून मोजली जाते आणि २०० किलोमीटरला एकच दिवस मिळतो, त्यामुळे ट्रान्सपोर्टची गाडी रात्री उशिरा लागली तरी आमचा वेळ वाया जात नाही.

उणीव मात्र गंभीर आहे. परत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या बिनचा हिशेब यात नाही. माल ज्या बिनमधून जातो त्या विकलेल्या नसल्याने त्यांचे वेगळे डिलिव्हरी चलन (विक्रीशिवाय माल पाठवण्याचा कागद) करावे लागते, आणि ते आम्ही आजही हाताने लिहितो. शिवाय एका गाडीतील दोन स्लिपांचे मिळून एक इनव्हॉइस करता येत नाही. ज्यांचे ग्राहक एकत्र बिलाचा आग्रह धरतात त्यांनी हे खरेदीपूर्वीच तपासून घ्यावे. दर वाजवी आहे आणि फोन केल्यास माणूस बोलतो.

नव्या सॉफ्टवेअरचा डेमो पाहताना पूर्ण भरलेल्या खोक्यांवर समाधान मानू नका. शेवटचे खोके मुद्दाम कमी भरायला सांगा आणि इनव्हॉइसवर कोणता आकडा येतो ते स्वतः पाहा.