सहा वर्षांच्या पोराला बायफोकल: चार स्टार

मी एसटीत कंडक्टर आहे, साताऱ्यात. दिवसभर माणसंच बघते. त्यामुळे काउंटरमागचा माणूस पोराशी बोलणार की त्याच्याकडे एक नजर टाकून माझ्याशीच, हे मला चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतानाच कळतं.

पोरगा सहा वर्षांचा, डाऊन सिंड्रोम आहे. डॉक्टरांनी थेंब घालून नंबर काढला आणि बायफोकल लिहून दिला, म्हणजे वर लांबचा नंबर, खाली जवळचा आणि मध्ये रेघ. यातल्या बऱ्याच मुलांना लांबचा चष्मा लावूनही जवळचं नीट दिसत नाही, डोळा जवळच्याला जुळवून घ्यायला कमी पडतो. घरी सांगितलं तर मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोराला आजोबांचा चष्मा? आणि असं काय वाचणार आहे तो?" आधी ज्या दुकानात गेलो तिथेही तेच, फक्त गोड आवाजात. "ताई, साधा स्वस्तातला घ्या, त्याला कुठे फरक कळतोय." उठले तिथून.

इथल्या काकांनी कागद वाचला, पोराला स्टुलावर बसवलं आणि त्यालाच विचारलं, "दादा, कुठला रंग?" त्याला उत्तराला वेळ लागतो. मी सवयीने "निळा" म्हणायला तोंड उघडलं, तर काकांनी हात वर केला. गप्प बसले. पोराने लाल उचलला. सहा वर्षं मी सगळं निळं घेत आलेय.

नाक बसकं असल्याने त्याचा कुठलाही चष्मा घसरून शेंड्यावर येतो. बायफोकल घसरला की रेघ खाली जाते, मग उपयोग काय? काकांनी नाकाशी खाली टेकणारी फ्रेम काढली, काड्या गरम करून कानामागे वळवल्या, वर डोक्यामागून पट्टा. मग डेमो काचेवर स्केचपेनने बरोब्बर बुबुळाच्या मधोमध खूण केली. म्हणाले, मोठ्यांना ही रेघ खालच्या पापणीपाशी ठेवतात, पण पोरं तिच्यावरूनच बघत राहतात, म्हणून वर घ्यायची. खूण तीनदा करावी लागली. मधल्या वेळात चिरंजीवांनी मोजपट्टी चावली आणि एक फ्रेम रस्त्यावर भिरकावली. "ही मुलं किती शांत असतात नाही?" असं मला बसमध्ये ऐकवणाऱ्यांना तो अर्धा तास दाखवायला हवा होता.

आता तक्रार. भिंगं पुण्याहून येतात. पाच दिवस सांगितले, लागले बारा, आणि फोन दरवेळी मीच केला. एक स्टार त्याचा गेला. काकूंनी निघताना "देवाचं लेकरू गं" म्हटलं, त्याचाही कापणार होते, पण त्यांनी पोराच्या हातात कंदी पेढा ठेवला. जाऊ दे.

सगळे मिळून ३,२०० रुपये झाले. भिंगं पॉलीकार्बोनेटची आहेत, अंगणातल्या फरशीवर दोनदा आपटून झालीत, अजून शाबूत. तोटा एकच. पूर्वी पोहे मुठीने खायचा, आता कढीपत्त्याचं पान न् पान वेचून माझ्या ताटात टाकतो.

संध्याकाळी गर्दी असते. पोराला घेऊन जाणार असाल तर दुपारी तीनच्या सुमारास जा, काका निवांत असतात.